ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) स्वतः शोधलेल्या जागी करायचीय, प्रस्ताव कसा लिहू? (एमए इतिहास, सेम २)

नमस्कार मंडळी, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

एमए पहिलं वर्ष, एनईपीचा (नव्या शैक्षणिक धोरणाचा) नवा पॅटर्न. दुसऱ्या सेमला ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिटचं आहे, म्हणजे १२० तास. डिपार्टमेंटने बोर्डावर यादी लावलीय, त्यात दोन कोचिंग क्लास, एक टूरवाला आणि एक वाचनालय. मागच्या बॅचची मुलं सांगतात की टूरवाल्याकडे बसून नुसत्या बुकिंगच्या एन्ट्र्या मारल्या आणि सर्टिफिकेट घेऊन आलो. मला ते नाही करायचं.

झालंय असं की आमच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, आजोबांच्या चुलतभावाच्या वाड्यात माळ्यावर एक पेटारा आहे आणि त्यात मोडी कागदांचे ११ रुमाल आहेत (रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे). गेल्या उन्हाळ्यात मी मोडीचा वर्ग केलाय, म्हणून दिवाळीत हिंमत करून एक सोडला. पहिल्याच कागदाची घडी उलगडताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून आला, घाबरून बाकीचं तसंच बांधून ठेवलं. पण तारखेच्या जागी "सु॥ सलास मयातैन व अलफ" एवढं लागलं, म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) १२०३, इसवी १८०२-०३. वसईचा तह झाला तेच वर्ष! झोप कुठली येतेय.

मला या रुमालांची यादी करायचीय. एचओडी मॅडम म्हणाल्या, कल्पना छान आहे पण वाडा ही काय संस्था नाही, लेटरहेड कुणाचं, हजेरीवर सही कोण करणार, आणि तुला दिलं की उद्या सगळे घरीच ओजेटी करतील. तसं त्यांचंही चूक नाही म्हणा. लेखी प्रस्ताव दे, विभागाच्या मीटिंगला ठेवते म्हणाल्यात, सोमवारपर्यंत. कुणी असं काही मंजूर करून घेतलंय का? काय लिहू, काय नको?

जुनादफ्तरी: आधी ओजेटी हा शब्द काढा. तुमच्याकडे "किंवा" आहे ना, मग फील्ड प्रोजेक्ट म्हणून मागा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. दुसरं, ११ रुमाल अजिबात लिहू नका. साधा हिशोब करा, नवशिक्याला एका कागदाची नोंद करायला १५ मिनिटं धरा. २० तास साफसफाई आणि नंबर टाकण्यात, २० तास अहवालात, उरले ८०, त्यात ३२० कागद होतील. म्हणजे फार तर दोन रुमाल. प्रस्तावात नोंदीचा नमुनाच जोडा: रुमाल नंबर, कागद नंबर, तारीख, कुणी कुणाला, विषय एका ओळीत, अवस्था. मीटिंगमध्ये लोक उद्देशबिद्देश वाचत नाहीत, तक्ता बघतात. आणि हात जोडून सांगतो, फाटलेल्याला सेलोटेप लावू नका.

कृष्णाकाठ: सहीचं काय पण? घरच्याच माणसाने हजेरीवर सही केली तर व्हायवाला पहिला प्रश्न तोच येणार. गाईड डिपार्टमेंटचे घ्या आणि मोडी जाणणारं बाहेरचं कुणीतरी आठवड्याला नोंदी तपासेल असं लिहा. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा, १९१० पासून हेच काम चाललंय तिथे, कुणी ना कुणी वाट दाखवेल. अजून एक, वाड्याच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, एकट्या काकांची नको. कागदात इनाम, वतन, जमीन असलं काही निघालं की भाऊबंद जागे होतात, आमच्याकडे झालंय.

मोडीची_पोर (धागाकर्ती): दोघांचेही खूप आभार, ३२० चा हिशोब वाचून आधी तोंड उतरलं पण पटलं. फील्ड प्रोजेक्ट म्हणूनच लिहितेय. संमतीचं कालच काढलं तर काका म्हणाले सह्या पाच जणांच्या लागतील, त्यातला एक सुरतला असतो आणि दुसऱ्याशी २०११ पासून बोलणं नाही. सुरतवाल्यांची सही व्हॉट्सॅपवर फोटो मागवून चालेल का, की मूळ कागदच लागेल? दुसऱ्यांकडे आजीला पाठवतेय.