थैली तपासायला पाठवाच
खड्यांसाठी काढलेली पित्ताची थैली तपासायला पाठवायची का, असं वर विचारलंय. पाठवाच. आमच्या मोठ्या आईच्या (दारव्हा तालुका) सोनोग्राफीत खडे अन् जराशी जाड भिंत, एवढंच दिसलं होतं. थैली टिकावी म्हणून फॉर्मालिन या द्रावात ठेवलेली, ती बरणी मांडीवर घेऊन मीच एसटीनं यवतमाळला गेलो. शेजारची बाई म्हणे, लोणचं हाय का? रिपोर्ट आला: अ‍ॅडिनोस्क्वेमस कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. पित्ताशयाचे बहुतेक कॅन्सर ग्रंथीपेशींचे असतात. या दुर्मीळ प्रकारात सोबत चपट्या स्क्वेमस पेशीही असतात, गाठीत किमान २५ टक्के. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. गाठ भिंतीत किती खोल गेली तेही त्याच रिपोर्टात असतं, अन् यकृताचा भाग व लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढायला दुसरं ऑपरेशन लागेल का, हे बरंचसं त्यावरच ठरतं. मोठ्या आईला लागलं, नागपुरात.