बी-४०१ ची एमजी विकायची का?

देवधर ए-२०३, सकाळी ७:४२
सेक्रेटरी साहेब, सुप्रभात. बी-४०१ च्या गाडीखाली पुन्हा ऑइल. गेल्या वर्षी फरशी बदलली तेव्हा काय ठरलं होतं ते सगळ्यांना आठवत असेलच. कुणाला दोष देत नाही, पण माझी नात तिथूनच सायकल घेऊन जाते.

देवधर ए-२०३, ७:४३
[फोटो]

देवधर ए-२०३, ७:४३
[फोटो] दुसऱ्या बाजूने.

सेक्रेटरी, ८:०५
नोंद घेतली. श्रीनिवास, बघतोस का?

पाटील वहिनी सी-२०२, ८:०७
ऑइलचं नंतर बघा, टँकर कधी येणार? सी विंगला पहाटेपासून पाणी नाही.

श्रीनिवास बी-४०१, ८:३१
देवधर काका, मनापासून सॉरी. पुठ्ठा ठेवला होता, परवाच्या पावसात भिजून गेला. दुपारी भुसा टाकून स्वतः साफ करतो. आणि सांगूनच टाकतो, हा त्रास बहुतेक फार दिवस राहणार नाही. गाडी विकायचं चाललंय. मंगळवारी मुंबईहून एक गृहस्थ बघायला येताहेत.

मृणाल सी-३०४, ८:३२
काय????

रोहन ए-६०२, ८:३२
दादा नको ना 😢

बर्वे काका सी-१०१, ८:४०
श्रीनिवास, तुझ्या वडिलांची, अण्णांची एमजी टीसी स्पोर्ट्स कार विकतोस? वर्षसुद्धा झालं नाही रे त्यांना जाऊन.

श्रीनिवास बी-४०१, ८:५८
काका, तुम्हाला फोन करणारच होतो. धीर झाला नाही.

देवधर ए-२०३, ९:०१
विकायची की नाही हा त्यांचा घरचा प्रश्न. माझा मुद्दा ऑइलचा आहे.

बर्वे काका सी-१०१, ९:१५
देवधर, ते ऑइल बिघाडाचं नाही. या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील नसतंच. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, स्क्रूसारखे आटे कापलेले असतात, इंजिन फिरत असलं की ते ऑइल आत ओढतात. बंद केलं की ओढणारं कुणी नाही, म्हणून उभ्या गाडीतून थेंब पडतोच. १९४८ ची घडणच तशी आहे.

देवधर ए-२०३, ९:१७
गाडीची घडण १९४८ ची असेल. फरशी २०२४ ची आहे. वर्गणी सगळ्यांनी भरली आहे.

सेक्रेटरी, ९:२०
टँकर १०:३० ला. कृपया एका वेळी एकच विषय.

श्रीनिवास बी-४०१, ९:४४
सगळ्यांनी विचारलंय तर नीट लिहितो. बाबांनी ती १९६४ मध्ये कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. तुमच्यापैकी निम्म्या लोकांची मुलं तिच्यात बसून गणपती बघायला गेली आहेत. पण खरं सांगायचं तर मी ती १४ महिने चालवलेली नाही. या दसऱ्याला झेंडूचा हार घातला आणि कव्हर परत ओढलं. आतला सांगाडा लाकडाचा आहे, ॲश लाकूड. डाव्या दाराच्या खांबाशी पेन्सिल टोचली तर आत जाते, इतकं कुजलंय. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. ते ओल धरतं आणि जुने रबरी पाइप खातं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्या गाडीत बसणं तिला शक्यच नाही. आणि पार्किंग एकच. महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ चालवून बघितली, आपल्या चाकणला बनते ती. आवडली. ती घ्यायची तर एमजी हलवावी लागेल.

रोहन ए-६०२, ९:५०
दादा, एमजीच घ्यायची तर त्यांची नवी इलेक्ट्रिक सायबरस्टर घ्या!! दोन सीट, दारं वर उघडतात, ५१० पीएस (हॉर्सपॉवरच समजा), ३.२ सेकंदात शंभर! तुमच्या गाडीला किती आहे?

बर्वे काका सी-१०१, ९:५४
५४ हॉर्सपॉवर. १२५० सीसी. मोकळा रस्ता आणि उतार मिळाला तर १२०.

मृणाल सी-३०४, ९:५५
म्हणजे माझ्या स्कूटरला जरा मोठी बहीण 😄

बर्वे काका सी-१०१, १०:०३
मृणाल, तुझ्या स्कूटरला दोन एसयू कार्ब्युरेटर नाहीत गं. रोहन, सायबरस्टर ७५ लाखांची. आणि नाव सोडलं तर या गाडीशी तिचं काय नातं? एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. सेसिल किंबर नावाच्या माणसाने ते उभं केलं. तो फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनला किंग्ज क्रॉसच्या रेल्वे अपघातात गेला, त्याच वर्षी टीसी बाजारात आली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात जेमतेम दहा हजार बनल्या, १९४९ पर्यंत. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, तरी अमेरिकन लोकांनी उचलल्या. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आता नाव चिनी कंपनीकडे आहे आणि आपल्याकडच्या एमजी गुजरातेत हलोलला बनतात. नव्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण एकीच्या जागी दुसरी आणली असं होत नाही.

रोहन ए-६०२, १०:०४
काका तुम्ही यूट्यूब चॅनेल काढा

देवधर ए-२०३, १०:०६
माहितीबद्दल धन्यवाद. ऑइल अजून तिथेच आहे. [फोटो]

मृणाल सी-३०४, १०:१२
एक विचारू? बीई ६ आली तर चार्ज कुठे होणार? माझा चार्जिंग पॉइंटचा अर्ज मार्चपासून पडलाय. मला सांगितलं सोसायटीचा लोड पुरत नाही. बी विंगला पुरणार आहे का?

सेक्रेटरी, १०:१५
मृणाल, अर्ज पडलेला नाही. महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागितला आहे. पाठपुरावा चालू आहे.

मृणाल सी-३०४, १०:१६
सात महिने?

सेक्रेटरी, १०:१९
समितीवर या ना. तीन वेळा विनंती केली आहे. तेव्हा सगळ्यांना ऑफिस असतं.

पाटील वहिनी सी-२०२, १०:४१
टँकर आला नाही.

शेख बी-१०२, १०:४८
श्रीनिवासभाऊ, विकण्याआधी कागद बघा. ५० वर्षांपुढची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २०२१ चा नियम आहे. फी २०,०००, दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण ५,०००. जुना नंबर ठेवता येतो. पण मग रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. साध्या आरसीवर ठेवलीत तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी ऑगस्ट २०२५ पासून वाढली आहे. साध्या मोटारीला १०,०००, आयात केलेलीला ८०,०००. तुमची कशात धरतात ते आरटीओत विचारून घ्या.

श्रीनिवास बी-४०१, १०:५५
शेखभाई, हे माहीत नव्हतं. आरसी साधं आहे, मार्च २०२७ पर्यंत.

शेख बी-१०२, १०:५६
मग घाई कसली? दीड वर्ष हातात आहे. आणि व्हिंटेज नोंद झाल्यावरही विकता येते, ९० दिवसांत दोघांनी कळवायचं असतं.

अनघा बी-४०१, ११:२०
मी लिहिणार नव्हते. घरातलं घरात बोलावं असं मला वाटतं. पण आता सगळ्या बिल्डिंगला कळलंच आहे. त्या गाडीवर माझा राग नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यातूनच महाबळेश्वरला गेले, पसरणीच्या घाटात वरचं कापडी हूड उडालं आणि अण्णा गाडी थांबवून धावत मागे गेले होते. मला एवढंच हवंय की आईंना फिजिओला न्यायला एक कोरडी, बंद दारांची गाडी असावी. जुलैत तीन रिक्षावाले नाही म्हणाले, चौथा येईपर्यंत त्या वॉकर धरून गेटपाशी भिजत उभ्या होत्या. तेव्हा ग्रुपवर कुणी विचारलं नाही.

पाटील वहिनी सी-२०२, ११:२४
अनघा, मला एक फोन करायचास गं.

सेक्रेटरी, ११:२६
हे खरंच कळलं नव्हतं. माफ करा.

अनघा बी-४०१, ११:३३
तक्रार नाही, कारण सांगते आहे. आणि बीई ६ बद्दलही बोलते. सगळ्यात स्वस्त मॉडेलसुद्धा १८.९० लाखांपासून, इन्शुरन्स वेगळा. आठवड्यातून दोनदा फिजिओ आणि एकदा भाजी, त्यासाठी? श्रीनिवासला ती हवी आहे, कारण ती स्पोर्ट्स कारसारखी दिसते. हे त्याने मान्य करावं.

श्रीनिवास बी-४०१, ११:३६
मान्य आहे.

रोहन ए-६०२, ११:३६
🙏🙏

बर्वे काका सी-१०१, ११:५०
मला एकच विचारायचंय. ते मुंबईचे गृहस्थ गाडी चालवणार आहेत का?

श्रीनिवास बी-४०१, ११:५२
फार्महाउसवर हॉल बांधलाय म्हणाले. काचेचा. तिथे सात गाड्या आहेत.

बर्वे काका सी-१०१, ११:५८
म्हणजे नाही. श्रीनिवास, कडू बोलतो. गेले १४ महिने तूही तेच केलंस. तुझा हॉल ताडपत्रीचा, त्यांचा काचेचा. गाडी ठेवणं म्हणजे चालवणं. उभ्या गाडीचे ब्रेक आतून गंजून धरतात, टाकीत पाणी होतं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो, टायर एकाच जागी दबतात. बाकी टीसीला हवेत ते सुटे भाग आजही इंग्लंडात नवे बनतात, लाकडी सांगाड्यासकट. ड्यूटी बसते, पण मिळतात. चालवणार असशील तर ठेव. नसशील तर चालवणारा शोध आणि त्याला दे, दोन लाख कमी आले तरी. काचेत घालू नकोस.

देवधर ए-२०३, १२:०२
याच्याशी मी सहमत आहे. आणि खाली ट्रे ठेवावा.

अनघा बी-४०१, दुपारी १:१५
आईंना सगळं वाचून दाखवलं. जेवता जेवता त्यांनी त्या गृहस्थांना फोन लावायला लावला. एकच विचारलं, तुम्ही चालवणार का? ते म्हणाले, आजी, आम्ही फार जपून ठेवतो. आई म्हणाल्या, तशी तर ती इथेही उभीच आहे. मंगळवारी येऊ नका.

मृणाल सी-३०४, १:१६
❤️❤️❤️

रोहन ए-६०२, १:१६
आजी रॉक्स

अनघा बी-४०१, १:१९
थांबा. पुढे म्हणाल्या, डिसेंबरपर्यंत दर रविवारी चालली तर ठेवा. नाही तर चालवणाऱ्याला द्या. हे गेले ते काही गाडीमुळे परत येणार नाहीत.

श्रीनिवास बी-४०१, १:४०
काका, उद्या सकाळी वेळ आहे का? सुरू करून बघायची आहे.

बर्वे काका सी-१०१, १:५५
आहे. पण थेट सेल्फ मारायचा नाही हं. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढ. प्लग चारही काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, रात्रभर राहू दे. सकाळी पुढून हँडल घालून हाताने फिरवू, अडकत नाही ना ते बघू. ताजं इंजिन ऑइल. मग प्लग न लावता सेल्फवर फिरवायची, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. त्यानंतर ताजं पेट्रोल पाच लिटर आणि प्लग. किल्ली फिरवलीस की पंप टिकटिक करेल, टिकटिक थांबली की पेट्रोल वर पोचलं. नाही थांबली तर कुठेतरी गळतंय, लगेच बंद करायचं. आणि गेटबाहेर काढायची नाही. चारही चाकांचे ब्रेक उघडून बघितल्याशिवाय अजिबात नाही. उद्या फक्त इंजिन.

शेख बी-१०२, १:५९
मी अग्निशामक घेऊन उभा राहतो. बी विंगच्या जिन्यातला मुदत संपलेला आहे, सेक्रेटरी साहेब, हेही लिहून घ्या.

रोहन ए-६०२, २:००
हँडल मी मारू का?

बर्वे काका सी-१०१, २:०४
मी अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. उलटा झटका बसला तर मनगट जातं.

श्रीनिवास बी-४०१, २:१०
आणि आईसाठी सेकंडहँड ऑटोमॅटिक छोटी गाडी बघतो. सीट उंच असलेली. अनघाने दोन काढूनही ठेवल्यात. प्रश्न एकच राहिला, दुसऱ्या गाडीला जागा नाही.

सेक्रेटरी, २:१३
पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कायम लावता येणार नाही, आधीच सांगतो.

मृणाल सी-३०४, २:१४
आणि दुसरी इलेक्ट्रिक नाही ना? माझा अर्ज आधीचा आहे. नम्र आठवण.

देवधर ए-२०३, ४:४७
माझी जागा एप्रिलपासून रिकामी आहे. चिरंजीव मेलबर्नला गेल्यावर गाडी विकली, हे बहुतेकांना माहीत नसावं. श्रीनिवासने छोटी गाडी तिथे लावावी. लिफ्टच्या शेजारी आहे, वहिनींना चालावं लागणार नाही.

अनघा बी-४०१, ४:५०
काका, काय बोलू.

सेक्रेटरी, ४:५८
देवधर साहेब, भावना समजली. पण पार्किंग दुसऱ्याला वापरायला देण्यासाठी समितीची लेखी मान्यता लागते. रविवारच्या बैठकीत घेतो.

देवधर ए-२०३, ५:०२
अर्ज आताच तुमच्या पत्रपेटीत टाकला आहे. भाडं नको. ट्रे हवा.

श्रीनिवास बी-४०१, रात्री ९:२२
टाकी रिकामी केली, प्लग काढले, ऑइल घातलं. फरशी भुसा टाकून दोनदा पुसली. मोठा पत्र्याचा ट्रे मंडईतून आणलाय, खाली सरकवला आहे. उद्या ६:३० ला. आवाज होईल, आधीच माफी मागतो.

पाटील वहिनी सी-२०२, ९:२५
होऊ दे आवाज. आईंना खाली आणशील का? मी खुर्ची घेऊन येते. टँकर पाच वाजता आला.

देवधर ए-२०३, सकाळी ६:१०
[फोटो] ट्रे बघितला. चाकाकडे चार इंच कमी पडतोय. मी आलोय खाली, सरकवू का?