कात्रज मेट्रो वरून का नाही?
पुण्याची स्वारगेट-कात्रज मेट्रो जमिनीखालून न नेता पुलावरून नेली असती तर निम्म्या खर्चात झाली असती म्हणताय, पैशांचं पटतं, पण सातारा रोडवर धनकवडीचा शंकर महाराज पूल आधीच उभाय, त्याच्याही वरून न्यायची का? शिवाय स्वारगेटचं स्टेशनच जमिनीखाली, मेट्रोला तिथून वर पुलावर यायला चढाचा रॅम्प लागणार आणि तिथे जागा कुठाय.

माझा राग वेगळाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा ५.४६ किमीला ३ च स्टेशनं होती, म्हणजे सरासरी पावणेदोन किमीच्या वर अंतर! आमच्या आईचे गुडघे बघता ती बालाजीनगरहून चालत जाणारे होय? बसच पकडणार. तिथलं आणि बिबवेवाडीचं स्टेशन मग नंतर वाढवलं, लोकांनी बोंब मारल्यावर.