पावसात रात्री पांढरा पट्टा दिसतच नाही, असं का? (जांबोटी–कणकुंबी)

भाजीचा_टेम्पो, बेळगाव
नमस्कार मंडळी. रात्री बेळगावात भाजी भरून मी चोर्ल्यावरून गोव्याला जातो. उन्हाळ्यात नवे पट्टे मारलेत. कोरड्या रात्री लाइट पडली की लख्ख चमकतात. पण जांबोटी सोडून पाऊस लागला की सगळं काळं. त्यात समोरून गाडी आली तर डांबर कुठं संपलं आणि चर कुठं सुरू झाली, काही कळत नाही. रंगच खराब मारलाय, की पावसात असंच व्हायचं?

खानापूरचा_लायनिंगवाला
दादा, कोरड्यात चमकतोय म्हणजे रंगात खोट नाही. पट्टे मारणाऱ्या गँगवर मी सुपरवायझर होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

चमक रंगाची नसते, काचेच्या मण्यांची असते. पट्ट्याचा माल, म्हणजे थर्मोप्लास्टिक, दोनशे अंशांच्या आसपास वितळवतात. त्यात मणी आधीच मिसळलेले असतात, शिवाय पट्टा गरम असतानाच वरून आणखी सोडतात. अगदी रव्याएवढे. मणी निम्मा रुतून निम्मा वर राहिला पाहिजे. मग हेडलाइटचा उजेड त्यात शिरतो, मागच्या पांढऱ्यावर आपटतो आणि आल्या वाटेनं तुमच्याकडं परत येतो. पावसात मण्यांवर पाण्याचा पापुद्रा चढला की उजेड वरच्यावर पुढं निसटतो. समोरच्या गाडीचा उजेडही तसाच पाण्यावरून निसटून थेट तुमच्या डोळ्यात येतो.

म्हणून घाटाच्या रस्त्याला पाण्याच्या वर डोकं काढणारी वस्तू लागते, ती म्हणजे कॅट आय, रस्त्यात बसवलेली उजेड परत फेकणारी खुंटी. इंग्लंडात पर्सी शॉ यांनी 1934 साली त्याचं पेटंट घेतलं. आपली इंडियन रोड्स काँग्रेसही 1934 चीच, आणि ती उभी राहिली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीच्या शिफारशीवरून. रस्त्यावरच्या पट्ट्यांची नियमावली, आयआरसी 35, ती याच संस्थेची.

पण माझ्या मते तुमच्या रस्त्याचं खरं दुखणं साइडपट्टी, म्हणजे डांबर आणि चर यांच्यामधली मातीची कड, आहे. जास्त पावसाच्या भागात डांबराला मधून कडेकडं अडीच टक्के उतार देतात. सात मीटर रुंद रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा आठ-नऊ सेंटीमीटर उंच येतो. एवढं करूनही साइडपट्टीवर माती साचून गवत चढलं आणि ती डांबराच्या वर गेली, तर पाणी चरीत उतरत नाही. नेमकं कडेच्या पट्ट्यावरच तुंबतं. मधला पट्टा एकवेळ नसला तरी चालेल, धुक्यात ड्रायव्हर कडेच्या पट्ट्यावरच जगतो. पावसाआधी साइडपट्टी छाटून घेतली तर तोच जुना पट्टा पुष्कळ दिसू लागतो.

निपाणी_ऊसवाला
आमच्याकडं वेगळंच, ओ. आतल्या रस्त्यावरचा पट्टा पहिल्याच पावसाळ्यात खपली निघाल्यासारखा सुटला. उसाच्या ट्रॅक्टरनी गेला म्हणतात.

खानापूरचा_लायनिंगवाला
ट्रॅक्टरनं पट्टा झिजतो, खपली निघत नाही. खपली निघाली म्हणजे धुळीवर नाहीतर ओल्या डांबरावर मारलाय. गरम माल डांबरात वितळून धरतो, मध्ये धूळ असली की धरणार कशाला? काम चालू असताना उभं राहून बघा. आधी रस्ता झाडतात का, वरून मणी पडतात का. जाडी अडीच मिलिमीटर लागते. मशीनच्या वाटेत पत्र्याचा तुकडा ठेवायचा, त्यावर पडलेला पट्टा मोजायचा. हे बघायला कुणी उभं राहिलं की माल आपोआप नीट पडतो. नंतर रात्री बॅटरी कपाळाशी धरून दहा-पंधरा मीटरवरच्या पट्ट्यावर मारा. मणी असले तर झगमगतो. बॅटरी हात लांब करून धरलीत तर तेवढा चमकणार नाही, कारण उजेड परत बॅटरीकडंच जातो.

भाजीचा_टेम्पो, बेळगाव
बरोबर बोललात. कणकुंबीच्या अलीकडं वळणावर गवत गुडघ्याएवढं झालंय आणि पाणी तिथंच साठतंय. अर्ज देतो, पण कन्नडमध्ये कोण लिहून देईल?

खानापूरचा_लायनिंगवाला
मी देतो लिहून. दिवसा फोटो काढा, किलोमीटरचा दगड आणि तुंबलेलं पाणी एकाच फोटोत येऊ दे. मागणी दोनच घालू: आधी साइडपट्टी छाटणं, मग वळणावर कॅट आय. नवा रंग मागायचा नाही.