खेळाडूंनी मालकांकडे ताळेबंद मागायचा की नाही?

औंधकर

जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला आपल्या फुटबॉलपटूंनी थेट फिफाला साकडं घातलं, तो व्हिडिओ इथं बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला, लीग चालवण्याच्या हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचा ठरत नव्हता, म्हणून जुलैतच आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या व्हिडिओखाली मराठीतून आलेल्या प्रतिक्रिया वाचून वाईट वाटलं. सूर एकच, "कोटी कोटी घेतात आणि आता रडतात."

माझं मत असं, की आकडा किती हा दुसरा प्रश्न. वाटाघाटीला बसल्यावर मालकाचा हिशेब खेळाडूसमोर आहे की नाही, हा पहिला. आणि तो हिशेब एकट्या खेळाडूने मागून मिळत नसतो, सगळ्यांनी मिळूनच मागावा लागतो.

अमेरिकन फुटबॉलमधलं, म्हणजे एनएफएलमधलं २०११ चं प्रकरण बघा. लीगचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ९०० कोटी डॉलर. खेळाडूंचा वाटा काढायच्या आधीच मालक खर्चापोटी १०० कोटींहून जास्त बाजूला काढत होते. २००६ चा करार त्यांनी २००८ मध्ये मोडायचं ठरवलं, आणि मागणी काय, तर वाटणीआधी आणखी १०० कोटी काढू द्या, शिवाय सामने १६ वरून १८ करा. कारण सांगितलं, खर्च वाढलाय, परवडत नाही. खेळाडूंची संघटना म्हणाली, ठीक आहे, मग दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवा. मालकांनी शेवटी शेवटी सगळ्या क्लबांची मिळून पाच वर्षांची एकत्रित आकडेवारी दाखवायची तयारी केली, क्लबनिहाय हिशेब काही दिले नाहीत. १२ मार्चला त्यांनी टाळेबंदी केली, ती २५ जुलैपर्यंत चालली.

मला सगळ्यात खटकली ती पुढची गोष्ट. सामने झाले नाहीत तरी टीव्ही कंपन्यांकडून सुमारे ४०० कोटी डॉलर मिळत राहतील, अशी तरतूद मालकांनी आधीच करून ठेवली होती. न्यायमूर्ती डेव्हिड डोटी यांनी १ मार्च २०११ ला निकाल दिला, की ही तरतूद खेळाडूंशी झालेल्या कराराचा भंग आहे. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी मैदान बंद ठेवून महिने काढायची सोय केली होती, आणि खेळाडूंकडे तेवढी मोठी सोय नव्हती.

आपल्याकडे तर लीगभर लागू असलेला सामूहिक करारच नाही. खेळाडूंची संघटना आहे, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेली. पण प्रत्येक खेळाडू सही एकटाच करतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेत आपण. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. पुढे २०२३-२४ मध्ये तिथेही पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर फिफाची बंदी आली.

विरोधी मतं मनापासून हवी आहेत.

हिशेबनीस

औंधकर, पेशाने सीए आहे, तेव्हा ताळेबंदाचा मुद्दा सोडवत नाही.

पहिली गोष्ट, आपल्याकडे ही मागणीच लागू होत नाही. इथले क्लब बहुतेक कंपन्या म्हणून नोंदलेले आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरा, त्या कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं उघडून बघा. जे अमेरिकन खेळाडूंना भांडूनही मिळालं नाही, ते भारतात कोणालाही मिळतं. किती खेळाडूंच्या एजंटांनी सही करायच्या आधी ते १०० रुपये खर्च केले?

दुसरी गोष्ट, एनएफएलमध्येही एक ताळेबंद उघडा होताच. ग्रीन बे पॅकर्सचा. त्या क्लबला एक मालक नाही, गावातले आणि बाहेरचे हजारो भागधारक आहेत, म्हणून हिशेब दरवर्षी छापून येतो. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी त्यांचा कामकाजातला नफा सुमारे २ कोटी डॉलरवरून ९८ लाखांवर आला होता आणि खेळाडूंवरचा खर्च १३.८७ कोटींवरून १६.०९ कोटींवर गेला होता. मालक अगदीच खोटं बोलत नव्हते.

तिसरं, आणि माझ्या मते खरं दुखणं: तिकडे ९०० कोटी वाटून घ्यायचे होते, इथे तोटा वाटून घ्यायचाय. पुण्याने किती मालक घालवले बघा. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, उपविजेता होता, दोन वर्षांत गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. मग एफसी पुणे सिटी. पैसे घालणारा माणूस टिकत नसेल, तर त्याच्यावर आणखी अटी लादून कोण येणार आहे?

भोसरीचा फिटर

हिशेबनीस साहेब, नमस्कार. भोसरीत आयुष्य गेलं, युनियनच्या कमिटीवरही होतो. वेतनकराराच्या वाटाघाटी आतून बघितल्यात, म्हणून लिहितो.

ताळेबंद मिळणं आणि ताळेबंदावर बोलता येणं यात फार अंतर आहे. १९६५ च्या बोनस कायद्यामुळे आमच्यासमोर दर वर्षी हिशेब यायचाच. ८.३३ टक्के द्यायचे की २० टक्क्यांपर्यंत जायचं, हे त्यावरच ठरायचं. मॅनेजमेंट कागद पुढे सरकवायची, शेवटच्या ओळीत नफा चिमूटभर. मग आमचा एक जुना कॉम्रेड, टर्नर होता, रात्रशाळेत शिकलेला, तो शेवटच्या ओळीकडे बघायचाच नाही. लाल पेन्सिल घेऊन आधी घसाऱ्यावर, म्हणजे यंत्रांची झीज म्हणून दाखवलेल्या खर्चावर, गोल करायचा. मग ग्रुपमधल्याच दुसऱ्या कंपनीला दिलेलं भाडं. मग संचालकांचा मेहनताना. "हे पैसे गेले कुठे, ते सांगा, मग पुढचं बोलू." अर्ध्या तासात टेबलावरचा सूर बदलायचा. पण तो बदलायचा कारण बाहेर गेटवर सगळी शिफ्ट उभी असायची. एकट्या टर्नरने हाच प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली झाली असती.

माझा मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडून समजलं की तिकडे क्लब विकत घेणाऱ्याला खरेदीची किंमत १५ वर्षांत थोडी थोडी खर्चात टाकता येते, म्हणजे करासाठी तोटा आणि क्लबचा भाव मात्र चढताच. घसारा सगळीकडे सारखाच दिसतोय.

आता औंधकरांना एक सांगतो. एकजूट लिहायला सोपी आहे. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या या खेळाडूंनीही संप केला होता, एकूण उत्पन्नाचे ५५ टक्के मागितले, ५७ दिवस टिकले, ५५ टक्के काही मिळाले नाहीत. १९८७ मध्ये पुन्हा गेले, तर मालकांनी बदली खेळाडू आणून सामने भरवले, आणि संपातले काही जण स्वतःच आत गेले. २४ दिवसांत खेळ खलास. आपल्याकडे १९८९ ला शनिवारवाड्यासमोर टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कामगारांचं उपोषण पोलिसांनी उठवलं, ते दिवस आठवले की अजून झोप उडते. संप हे शेवटचं हत्यार. मुलांना त्यात ढकलू नका.

पूर्व स्टँड

मी प्रेक्षक म्हणून लिहितेय, कारण या चर्चेत आम्हाला कोणी विचारत नाही. एनएफएलच्या त्या १३० पेक्षा जास्त दिवसांच्या भांडणातून शेवटी काय निघालं? खेळाडूंचा वाटा आधी निम्म्याच्या आसपास होता, तो ४७-४८ टक्क्यांवर आला. म्हणजे हिशेब मागूनही हिस्सा कमीच झाला ना? आणि मध्ये स्टेडियमवर काम करणारे, गाडीवाले, छोटे कर्मचारी यांचं काय? करोडपती विरुद्ध अब्जाधीश या लढाईत मला तरी कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. खेळ सुरू ठेवा, भांडण लवादाकडे न्या.

औंधकर

पूर्व स्टँड ताई, वाटा खाली आला हे खरं. पण बाकीचा करारही बघा. १८ सामन्यांची मागणी त्यांनी परतवली. दिवसातून दोनदा पूर्ण अंगाने धडकायचे सराव बंद झाले, हंगामात पॅड घालून करायचे सराव १४ वर मर्यादित झाले. निवृत्त खेळाडूंच्या पेन्शनसाठी ६२ कोटी डॉलरचा निधी ठरला. ही माणसं मेंदूला मार खात खेळतात. संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची, लीगचं म्हणणं की पहिल्याच वर्षी संघात टिकलेल्यांची सहा. सहाच धरा! सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी काम संपलं आणि गुडघे गेलेले. करोडपती म्हणजे त्यातले वरचे थोडे.

आणि लवाद चांगलाच, पण लवादाकडे जायला आधी करार लागतो.

मुलाची आई, कोथरूड

इथे मोठ्या खेळाडूंचीच चर्चा चाललीय. माझा मुलगा अठराव्या वर्षी एका क्लबच्या राखीव संघात होता. नाव लिहीत नाही. करारावर सही मैदानाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कागद ठेवून घेतली. प्रत मागितली तर "ऑफिसातून पाठवतो" म्हणाले. ती आलीच नाही. पुढे मानधन थांबलं तेव्हा दाद मागायला हातात कागदच नव्हता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, की फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडता येतो. हा नियम वापरायचा तरी करार दाखवावा लागतो. तुमचे १०० रुपये आणि घसारा नंतर, हिशेबनीस. आधी मुलाच्या हातात त्याच्याच सहीचा कागद द्या.

हिशेबनीस

ताई, याला माझा विरोध असूच शकत नाही. प्रत न देणं ही लबाडी आहे, तोट्याचं कारण तिथे चालणार नाही.

फिटर काका, तुमचा टर्नर मला भेटायला हवा होता. पण गोल कुठे करायचा हेही बघा. त्या कारखान्यात माल विकला जात होता. इथे तिकिटांतून मैदानाचं भाडंही निघणं कठीण, प्रक्षेपणाचे पैसे तुटपुंजे, त्यात हक्कांचा करारच संपला. घसारा, भाडं, मेहनताना सगळं बाजूला काढलं तरी बहुतेक ठिकाणी तोटाच उरेल असं माझं व्यावसायिक मत आहे. संघटनेने मला सांगावं, मी क्लबांची कागदपत्रं काढून फुकट वाचून देतो. पण मग तोटा दिसल्यावर पगारकपातीवर सही करायची तयारी ठेवा. हिशेब फक्त वाढ मागायलाच बघायचा, असं चालणार नाही.

औंधकर

मान्य आहे, आणि हे मी गांभीर्याने म्हणतोय. तोटा दिसला तर कपात. पण कपातीच्या कागदावर चार गोष्टी आधी हव्यात. कपात वरच्या पगारापासून सुरू व्हावी, ठरावीक रकमेच्या खालच्याला हात लागू नये. क्लबच्या ताळेबंदाबरोबर लीगच्या हक्कांचा करारही दाखवावा, कारण पैसा येतो तिथून आणि तो पोर्टलवर मिळत नाही. क्लब विकला किंवा दुसऱ्या गावी नेला तर खेळाडूंची थकबाकी आधी चुकवावी. आणि कोथरूडच्या ताई म्हणतात तशी प्रत्येक कराराची प्रत सही झाली त्याच दिवशी खेळाडूच्या हातात आणि एक संघटनेकडे.

अमेरिकेत २०२० चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला. सतरावा सामना त्यात आला, मत देणाऱ्या जवळपास निम्म्या खेळाडूंना तो करार नको होता. तरी मत द्यायला त्यांच्यासमोर मसुदा होता. आपल्या खेळाडूंसमोर अजून मतदानाला ठेवायला मसुदाच नाही. हिशेबनीस, कागदपत्रं काढून देण्याचं बोललात ते धरून चालतो. फिटर काका, मागणीपत्र कसं लिहितात त्याचा एखादा जुना नमुना असेल तर इथे टाका.

भोसरीचा फिटर

आहे. माळ्यावर ट्रंकेत आहे, रविवारी काढतो. पण पहिल्या पानावर मागण्या नसतात हे आत्ताच सांगून ठेवतो. पहिल्या पानावर सभासदांची यादी आणि सह्या असतात. ती तयार आहे का?