जुन्या नट्यांवरील कोणता माहितीपट गावात दाखवावा?

प्रश्न (दारव्हा तालुका): कापसाची वेचणी आटोपली की आम्ही वाचनालयाच्या ओट्यावर पांढरे धोतर ताणून प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवतो. ज्यांनी जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये मातीत बसून नट्या पाहिल्या, त्या मंडळींना या वेळी एखाद्या नटीवरील माहितीपट दाखवण्याचा विचार आहे. कोणता निवडावा?

उत्तर १: ताई, हॉलिवूडमध्ये गाजलेली जर्मन नटी मार्लीन डीट्रिश हिच्यावरचा 1984 चा ‘मार्लीन’ पाहा. दिग्दर्शक मॅक्सिमिलियन शेल यांनी 1961 मध्ये तिच्याबरोबर ‘जजमेंट ॲट न्युरेंबर्ग’मध्ये काम केले होते, तरीही तिने कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला, त्यामुळे पडद्यावर तरुणपणीचा चेहरा आणि कानावर म्हातारपणीचा चिडका, हट्टी आवाज, असा तो विलक्षण चित्रपट झाला. जिचा चेहराच तिची मिळकत होती, तिने तो शेवटी स्वतःजवळ ठेवला, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २: माझे मत वेगळे आहे. केवळ आवाजावर आपली माणसे तासभर बसणार नाहीत (आमच्याकडे तर निम्मे जण चहाला उठतील). स्वीडिश नटी इन्ग्रिड बर्गमनवरील 2015 च्या माहितीपटात तिने स्वतः टिपलेली घरगुती दृश्ये, पत्रे आणि रोजनिशी आहे; मुले अंगणात खेळताना दिसली की भाषा आड येत नाही.

प्रश्नकर्ती: भाऊ, पटले. बर्गमन ठरवते, पत्रांचा मराठी अनुवाद मात्र कुणीतरी शेजारी उभे राहून मोठ्याने वाचावा लागेल.