होडीचं आउटबोर्ड इंजिन पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन मिनिटांत गुदमरतं. पेट्रोलचा पंप बदलू की आधी काही तपासू?

खाडीकाठचा:
मंडळी, देवबागला कर्ली खाडीत माझी फायबरची छोटी होडी आहे. इंजिन ४० हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्बोरेटरवालं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. होडी इंजिनासकट जुनीच घेतलेली. पावसाळाभर झाकून होती, आता काढली.

दोरी ओढली की लगेच चालू होतं. आयडलिंग झकास. हळू चालवली तर खाडीत कितीही वेळ फिरा, कुरकुर नाही. पण थ्रॉटल पूर्ण दिला की होडी उठते, छान पळते, आणि दोन-तीन मिनिटांत रेस पडायला लागते, इंजिन खोकतं आणि बंद. जरा थांबून ओढलं की पुन्हा चालू, पुन्हा तीच तऱ्हा.

प्लग नवे, पेट्रोल ताजं. मिस्त्री न उघडताच म्हणतात, "पंपाचं किट टाकू, कार्बोरेटर खोलू." खर्चाचं नंतर बघू, पण दुखणं तेच आहे याची खात्री घरच्या घरी कशी करायची?

तांडेल_मालवणी:
पयलो प्रश्न. टाकयेच्या झाकणावरचो वाऱ्याचो स्क्रू सैल केलंस काय? हसू नको. 'पंप गेलो' म्हणान येणारी किती इंजिना ह्या एका स्क्रूवर बरी होतत, इचारू नको.

खाडीकाठचा:
केला होता काका. आज पुन्हा मुद्दाम बघितलं. इंजिन बंद पडल्या पडल्या अख्खं झाकणच उघडलं, फुस्सही नाही झालं. आणि झाकण उघडं ठेवून पळवलं तरी तसंच.

जुना_फिटर:
म्हणजे टाकीत हवा शिरते आहे, तो प्रश्न मिटला. आता टाकी ते इंजिन पाइपमधल्या, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या रबरी बल्बकडे या. तो फक्त सकाळी दाबून इंजिन चालू करण्यापुरता नसतो. बिघाड कुठे आहे ते सांगणारं तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार तेच आहे.

सोबत कोणाला तरी न्या. तुम्ही पूर्ण थ्रॉटल द्या, त्याने बल्बवर हात ठेवून बसायचं. रेस पडायला लागली की बल्ब कसा लागतो ते त्याने सांगायचं.

बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर इंजिनाचा पंप ओढतोय पण मागून पेट्रोल येत नाही. अडथळा बल्बच्या आधी, म्हणजे टाकीची आतली नळी, तिच्या तळाची जाळी, टाकीचा कनेक्टर किंवा टाकी ते बल्ब हा पाइप. बल्ब टणक असूनही इंजिन उपाशी असेल तर अडथळा बल्बच्या पुढे आहे. इंजिनाचा कनेक्टर, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. आणि बल्ब मऊच, पण हाताने दाबत राहिलं की इंजिन सावरतं, असं असेल तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, थकलाय किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. तेव्हा मिस्त्रींचं म्हणणं बरोबर असू शकेल.

चालू इंजिनात बल्ब थोडा मऊ लागतोच, त्याला घाबरू नका. चपटा होणं वेगळं.

हर्णैचा_हर्ष:
मी तर म्हणतो सरळ कार्बोरेटर खोला. पावसाळाभर पडून राहिलेलं इंजिन आहे, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जुन्या पेट्रोलचा डिंक झालाच असणार. आमच्याकडे दरवर्षी हेच.

जुना_फिटर:
हर्षभाऊ, डिंक होतो हे खरं. पण लक्षण बघा. आयडलचा जेट तुंबला तर इंजिन हळू चालताना मरतं, यांचं हळू चालताना उत्तम आहे. मेन जेट तुंबला तर थ्रॉटल देताच अडखळेल, आधी दोन मिनिटं छान पळवून मग मरणार नाही. हे दोन मिनिटं पळतं कारण कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलेलं असतं. पूर्ण थ्रॉटलला जितकं खर्च होतं तितकं मागून येत नाही. वाटी हळूहळू रिकामी होते आणि मग उपासमार. थांबलं की वाटी पुन्हा भरते, म्हणून पुन्हा चालू होतं. हा वाटेतल्या अडथळ्याचा नमुना आहे.

वायरमन_वेंगुर्ला:
एक शंका. ठिणगीची कॉइल गरम झाल्यावर मरते तेव्हाही असंच होतं ना? थंड असताना बरं, तापलं की बंद.

जुना_फिटर:
बरोबर आठवण केलीत. फरक बहुतेकदा मरण्याच्या पद्धतीत कळतो. ठिणगी गेली की इंजिन स्विच दाबल्यासारखं एकदम बंद होतं. पेट्रोल कमी पडलं तर आधी रेस पडते, खोकतं, कधी पुन्हा उसळी घेतं, मग जातं. शिवाय कॉइल तापलेली असेल तर ती निवेपर्यंत इंजिन धड चालत नाही, इथे जरा थांबलं की झालं. यांचं वर्णन मला तरी पेट्रोलचंच वाटतं.

आणि एक गोष्ट ठळक लिहितो, कारण ही चाचणी करताना लोक इंजिन मारतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी पडलं, वर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन जास्त तापतो. तेव्हा "चोक ओढला की पळतं" म्हणून चोक ओढून पर्यटक फिरवू नका. चोक देऊन सुधारतं का एवढं क्षणभर बघा, सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय हे कळलं, लगेच थ्रॉटल कमी करा.

तांडेल_मालवणी:
आनी ही चाचणी खाडी-दर्याच्या संगमाकडे करू नको रे. ओहोटीक पाणी भायर खेचता, थय इंजिन बंद पडला तर बल्ब दाबीत बसाक वेळ गावणा नाय. आत खाडयेत कर. नांगर दोरयेसकट तयार ठेव. बंद पडला की आधी नांगर, मगे इंजिनाची दोरी ओढ.

खाडीकाठचा:
काका, आतच केली, भरती असताना. भाचा बल्ब धरून बसला होता. रेस पडायला लागली आणि तो ओरडलाच, "मामा, हा चपटा झाला!" दाबून बघितला तर सावकाश फुगत होता. म्हणजे बल्बच्या आधी?

जुना_फिटर:
हो. पंपाच्या किटचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. आता अदलाबदल. दुसऱ्या कोणाची टाकी, तिच्या पाइप आणि बल्बसकट लावून पळवा, मात्र आत तुमच्याच प्रमाणाचं मिश्रण हवं. नीट पळालं तर दुखणं तुमच्या टाकीत किंवा पाइपात. मग तुमची टाकी आणि त्यांचा पाइप असं लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम बदललं तर इंजिन बरं होईल, पण काय झालं होतं ते कळणार नाही.

मस्कतहून_मंदार:
इथे आमचं फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं आहे. तिथेही बल्बची ही चाचणी चालते, पण फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत. साधा पंप पेट्रोल एका छोट्या बंद टाकीत भरतो, तिला व्हीएसटी म्हणतात, आणि तिथून विजेचा पंप मोठ्या दाबाने इंजेक्टरकडे पाठवतो. बल्ब ठीक असूनही इंजिन मरत असेल तर व्हीएसटीतली जाळी आणि तो पंप बघावा लागतो. त्या पुढच्या पाइपात दाब असतो, दाब सोडल्याशिवाय तो उघडू नये. धागाकर्त्याला याचा उपयोग नाही, पण शोधत येणाऱ्या दुसऱ्या कोणाला होईल.

हर्णैचा_हर्ष:
पेट्रोलमध्ये पाणी असेल का? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते पाणी ओढतं म्हणतात.

जुना_फिटर:
तपासायला काही लागत नाही. टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर घराबाहेर, विस्तवापासून लांब, बूच लावून ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनात घालायचं नाही.

इथेनॉल काही प्रमाणात पाणी स्वतःत सामावून घेतं, तोवर इंजिन ते जाळूनही टाकतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. आपल्या टू-स्ट्रोकला त्यात जास्त धोका. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीची नळी ओढते तळातून. इंजिनाला बिनऑइलचा थर मिळतो. म्हणून पावसाळ्याआधीचं उरलेलं मिश्रण सप्टेंबरात वापरू नये. वरून ताजं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही.

खाडीकाठचा:
बाटली ठेवली होती. थर नाही, स्वच्छ आहे.

शेजाऱ्याची टाकी त्याच्या पाइपासकट लावली, होडी खाडीभर पळाली, काही नाही. मग माझी टाकी आणि त्याचा पाइप. तरीही पळाली! म्हणजे पाइप. पण पाइप बाहेरून चांगला दिसतोय. चीर नाही, पेट्रोल गळत नाही, फुंकलं तर हवा आरपार जाते.

जुना_फिटर:
कापा. टाकी ते बल्ब हा तुकडा उभा चिरा आणि आतून बघा. फुंकण्यावर जाऊ नका. तुम्ही फुंकता तेव्हा आत दाब असतो, इंजिन ओढतं तेव्हा आत ओढ असते. दाबाने जे उघडतं ते ओढीने मिटू शकतं.

गळतीचंही तसंच. टाकी ते पंप एवढ्या भागात बारीक चीर असली तर चालू इंजिनात पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो आणि इंजिन हवा पितं. बल्बच्या पुढची चीर शोधायला बल्ब दाबून टणक करायचा आणि तिथल्या प्रत्येक जोडाला बोट लावून बघायचं.

खाडीकाठचा:
कापला. आतला काळा थर बाहेरच्या रबरापासून सुटलाय. एका जागी तर पूर्ण सालपट निघून झडपेसारखं लोंबतंय! चिमटीत धरलं तर तुकडा हातात आला. पाइपावर कसलाही छाप नाही. आधीच्या मालकाने कुठला लावला होता देव जाणे.

वायरमन_वेंगुर्ला:
म्हणजे हळू चालताना पेट्रोल कडेने जात होतं आणि जोरात ओढलं की सालपट आडवं येत होतं. मिस्त्रींनी पंप बदलला असता तर?

जुना_फिटर:
नव्या पंपाने कदाचित अजून जोराने ओढलं असतं आणि इंजिन लवकर मेलं असतं. मिस्त्रींना दोष देत नाही. हंगाम सुरू होताना दारात रांग असते, तेव्हा किट टाकणं लवकर उरकतं.

आता एक काम राहिलं. सालपटाचे कण पुढे गेले असणार. इंजिनावरचा छोटा फिल्टर उघडा, त्याची वाटी धुवा, जाळी बघा. त्यात काळे कण भरपूर असतील तरच कार्बोरेटरची वाटी उघडायची. जेट साफ करायचा तर क्लीनर आणि हवा, तार घालू नका, छिद्र मोठं होतं.

खाडीकाठचा:
फिल्टरमध्ये थोडे कण होते, धुतले. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल फडक्यावर काढलं, त्यात काही नव्हतं. पाइप कुठला घेऊ? बाजारात पारदर्शक पाइप स्वस्त मिळतोय, आत पेट्रोल दिसतंही.

जुना_फिटर:
पारदर्शक तुकडा तपासणीपुरता ठीक. इंजिनाजवळ हातभर लावून बुडबुडे येतात का बघायचं आणि काढून टाकायचा. कायमचा लावला तर उन्हात आणि पेट्रोलमध्ये हळूहळू लाकडासारखा कडक होतो, मग जोडाशी हवा ओढतो. इथेनॉल चालेल असं ज्यावर छापलंय तो मरिन फ्युएल पाइप घ्या. आतला व्यास जुन्याइतकाच, तुमच्या इंजिनाला बहुधा ८ मिलिमीटर. बारीक मिळतोय म्हणून ६ चा घेतलात तर महिन्याने हाच धागा पुन्हा वर येईल. जोडांना स्टीलच्या क्लिपा लावा, प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत. बल्बवरचा बाण इंजिनाकडे.

हर्णैचा_हर्ष:
आणि हंगाम संपल्यावर पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, वाटी रिकामी होते. आम्ही तसंच करतो.

जुना_फिटर:
मला ते पटत नाही. शेवटचे काही क्षण इंजिन पातळ मिश्रणावर चालतं, ऑइलही कमी मिळतं, आणि वाटीच्या तळाला थोडं पेट्रोल राहतंच. ड्रेन स्क्रूने काढलेलं बरं. पण पुष्कळ जण तुमच्यासारखंच करतात आणि त्यांची इंजिनं चालतात, हेही खरं. फक्त पाण्याबाहेर चालवताना थंडाव्याचं पाणी लावल्याशिवाय नको, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जातो.

खाडीकाठचा:
नवा पाइप लावला, आज दुपारी जेट्टीपासून तारकर्लीच्या बाजूने पूर्ण थ्रॉटलवर जाऊन आलो, बल्ब शेवटपर्यंत गोल. शेवटचं विचारतो, बल्ब जुनाच ठेवला आहे. चालेल?

जुना_फिटर:
पाइप त्या मालकाचा, तर बल्बही त्याचाच, बदला. दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंगही (रबरी कड्या) त्याच फेरीत आणा. जुना बल्ब दाबून बघितलात तर कडक लागेल, आणि त्यातली झडप कधी चिकटेल सांगता येत नाही.

तांडेल_मालवणी:
नवो बल्ब आणलंस की चालू इंजिनावर बदलू नको. बॅटरी काढ, होडयेत तळाक साठलेला पेट्रोल पुसून घे, विडी लांब ठेव. वाफ जड असता, तळाकच बसता.